आपल्याच शाळेत झाडू मारणारी बाई

अध्यक्षस्थानी बसलेले गुरुबसवअण्णा, व्यासपीठावरचे फादर, शाळेच्या सगळ्या सिस्टर, खटकचिंचोळीची मानाची मंडळी, आणि मागं भिंतीला टेकून बसलेली माझी मेंढरवाली भावकी, सगळ्यांना राजूबाईचा रामराम.

सिस्टर सेसिलिया उद्या बदलीवर चालल्या. इमारतीचं, निकालाचं शिकलेल्यांनी सांगून झालं. मला म्हणाले, जिच्या नावानं ही शाळा हाय त्या संतबाईचं चार शब्दांत बोल. चार शब्दांत माझं शिंकणंबी होत न्हाई.

त्यात माझा लेक रेवणप्पा कालपासनं म्हणायलाय, ओळखीची सिस्टर चालली, आता अंबिका बोर्डिंगात कशाला? उद्या कळप निर्णा गावच्या शिवारात खतासाठी बसायला जायलाय, कोकरांमागं माणूस पाहिजे. माझी नात रडली न्हाई. नुसतं दप्तर आवरायली.

तिला शाळेसाठी मागायला सिस्टर पहिल्यांदा आमच्या मेंढरांच्या तळावर आल्या, तवाच संतबाईची गोष्ट कळली. देवीला सोडलेल्या पोरी आम्ही बघितल्यात. गळ्यात माळ, लग्न न्हाई. ह्यांच्याबी गळ्यात माळ, लग्न न्हाई. मग आम्ही काय समजावं? मी तोंडावर विचारलं, बाई, तुला घरच्यांनी कोणत्या देवाला सोडलं? आन आमच्या पोरीलाबी सोडणार का?

दुसरी असती तर उठून गेली असती. ह्या खाली लेंड्यांतच बसल्या.

"आजी, मला कुणी सोडलं न्हाई. माझी मी आले. अंबिका शिकून तिला वाटंल तिकडं जाईल."

मग संतबाईचं सांगितलं. लांबच्या मुलखातली, सावकाराची लेक. जोडे शिवणाऱ्यांची, मोळ्या विकणाऱ्यांची पोरं तबेल्यात जमवून शिकवायला लागली. बापानं दार लावून घेतलं. चार बाया सोबत आल्या, शाळा उभी राहिली. शाळा मोठी झाली तशी त्याच सोबतणींनी हिच्याकडनं किल्ल्या काढून घेतल्या. आता सांगा, तुम्ही-आम्ही काय केलं असतं? मी तर पंचायत बसवली असती. हिनं त्याच शाळेत झाडू हातात घेतला. मरेपर्यंत पोरांची खरकटी भांडी घासली. ही भांडीवाली म्हातारी कोण, हे नव्या पोरांना ठाऊकबी नव्हतं.

मी म्हणलं, भांडली कामून न्हाई?

"भांडली असती तर शाळा बंद पडली असती, आजी. पोरं कुठं गेली असती?"

लई बुवा-महाराज बघितले मी. पाया पडले आन इसरले. पण एवढी मोठी बाई एवढी लहान होऊन कशी राहिली असंल? तिच्या फोटोपुढं उभी राहिले की अजूनबी माझा आवाज चढत न्हाई. माझा आवाज तुम्हाला माहीत हाय.

रेवणप्पा, खाली बघू नकोस. चार माणसांत सांगते, म्हणजे तुला फिरवता येणार न्हाई. कळपासंगं मी येते. कोकरं मी राखीन. गुडघे दुखतील, दुखू दे. पोर इथंच राहील.

सिस्टर, बिनघोर जावा. अडाणी बाईला माईकपुढं उभं केलं, तुम्हा सगळ्यांचे उपकार झाले. माझी जीभ कुणाला लागली असंल तर पोटात घाला.

अंबिका, ये, हात दे. पायरी उंच हाय.