बघण्याच्या कार्यक्रमातलं सूप

अरे, माझं लग्न वाटाण्यापायी मोडता मोडता वाचलंय! मुलगी बघायला सटाण्याहून नाशिकला गेलो. होणाऱ्या सासूबाईंना नवा कुकर मिरवायचा होता, म्हणून पोह्यांऐवजी वाटाणा-घेवड्याचं दाट सूप आलं. आमच्याकडे असलं कढण फक्त आजाऱ्याला पाजतात. वडिलांनी कप खाली ठेवला आणि काळजीनं विचारलं, “पोरगी आजारी शे का?”

सासूबाई पांढऱ्याफटक. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, “आजारी नाही हो मी. पण हे रोज प्यायले तर पडेन. पोहे टाकू?”

वडील म्हणाले, “ठरलं!”

पहिल्या दिवाळसणाला सासूबाईंनी पुन्हा सूपच पुढं केलं. मी जावयाचा धर्म पाळला. आधी खोकलो, मग प्यायलो.