वसंताला दिलेला सल्ला

माझ्या अकलेबद्दल कुणाला शंका असेल, तर चहा घेता घेता हे ऐका. माझा धाकटा दीर वसंता विलायतेला कॉलेजात निघाला, तेव्हा मधल्या दिरांनी, नाना भावोजींनी, त्याला बजावलं, "कुणी ओळख करून दिल्याशिवाय तिथे तोंड उघडायचं नाही. साहेबाला खपत नाही."

मी म्हटलं, "मग काय मुक्याने राहायचं? वसंता, माणूस दिसलं की आपण चौलात विचारतो तसं विचारायचं, जेवलात का?"

भावोजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही शेजारच्या रेवदंड्याच्या पलीकडे गेलायत का कधी?"

वसंताने माझंच ऐकलं. पहिल्याच दिवशी जिन्यात प्रोफेसर भेटले, तर याने इंग्रजीत विचारलं, "जेवलात का?" आपल्याकडे माणूस "हो, तुम्ही?" म्हणून पुढे जातो. त्यांना वाटलं, आमंत्रणच आहे. संध्याकाळी बायकोला घेऊन खोलीवर हजर! वसंताकडे शिजवलेलं काहीच नव्हतं. पण मी बांधून दिलेले सुक्या कोळंबीचे सोडे होते, त्यांची खिचडी टाकली. दोघांनी पातेलं पुसून खाल्लं. तेव्हापासून दर रविवारी वसंताचं जेवण त्यांच्याकडे.

परवा ते प्रोफेसर मुंबईला आले, ते वसंताबरोबर थेट आमच्या अंगणात. भावोजी कोट घालून ताठ उभे, कुणीतरी ओळख करून देईल म्हणून. प्रोफेसरांनी त्यांना हात जोडले आणि चक्क मराठीत विचारलं, "जेवलात का?"

भावोजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "थांबा भावोजी, आधी ओळख करून देते!"