वाऱ्याचा रकाना

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय कमलिनीताई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे आणि आमच्या जिल्हा नौकानयन संघटनेचे अध्यक्ष अच्युतराव, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या रत्नप्रभाताई वझलवार, भोपाळात कोटऱ्यापासून चार इमलीपर्यंत कुठून कुठून आलेले आपल्या मराठी मंडळाचे सभासद, आणि तलावावरून सराव आटोपून थेट इथे आलेल्या आमच्या रोइंगच्या मुली. मुलींनो, मागे उभ्या राहू नका, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. सर्वांना माझा नमस्कार.

मी अरविंद देऊळगावकर, संघटनेचा सहसचिव. सूत्रसंचालन करणाऱ्या शिल्पाताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि त्या घड्याळ घेऊन पहिल्या रांगेत बसल्या आहेत. तेव्हा जपून बोलतो.

ताईंची ओळख मी काय करून द्यावी? नागपूरहून चौतीस वर्षांपूर्वी त्या इथे आल्या, सरकारी जलविभागात इंजिनिअर म्हणून. भोपाळच्या पाण्याची त्यांना इतकी सवय झाली, की बिट्टन मार्केटात मेथी घ्यायला गेल्या तरी भाजीवाल्याला विचारतात, "भैया, किस कुएँ का पानी है?" आणि तोही बिचारा सांगतो. पुढच्या आठवड्यात त्या मंजूषाकडे, म्हणजे लेकीकडे, पुण्याला कायमच्या चालल्या आहेत. नोकरीतल्या त्यांच्या कामाबद्दल अच्युतराव बोललेच. मी एकच गोष्ट सांगणार आहे. ती मी सोडून दुसरं कुणी सांगू शकत नाही, आणि मी ती आजवर सांगितलेली नाही.

ऑलिंपिकसाठी देशातून कोण जाणार हे ठरवायला आपल्याकडे राष्ट्रीय चाचण्या होतात. त्या कोणत्या शहरात व्हाव्यात, हे कसं ठरतं? आपल्याला वाटतं, दिल्लीत कुणाचा तरी फोन जातो आणि ठरतं. मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात आधी एक फॉर्म येतो. एकतीस पानांचा. पाणी किती खोल, लेन किती रुंद, हॉस्पिटल किती मिनिटांवर, मुलींच्या राहण्याची सोय कशी, उत्तेजक चाचणीची खोली कुठे. मग देशाच्या नौकानयन महासंघाची तीन माणसं येऊन सगळं डोळ्यांनी बघतात, गुण देतात, आणि ज्याला जास्त गुण ते शहर. त्या एकतीस पानांत एक पान वाऱ्याचं असतं.

टोकियोच्या आधीची गोष्ट. आपल्या मोठ्या तलावासाठी आम्ही फॉर्म भरायला घेतला. माझी मुलगी जुई तेव्हा बावीस वर्षांची होती, एकेरी नाव वल्हवायची आणि देशातल्या पहिल्या पाचांत होती. निवड एकीचीच व्हायची होती. चाचणी भोपाळला झाली तर घरचं पाणी, घरचं जेवण, ओळखीचा किनारा. खोटं कशाला बोलू, मी तो फॉर्म शहरासाठी कमी आणि जुईसाठी जास्त भरत होतो.

पाण्याची आणि वाऱ्याची पानं आम्ही ताईंकडे दिली. आम्हाला वाटलं, दोन दिवसांत देतील. त्यांनी अठरा दिवस घेतले. रोज सकाळी सहाला ऑफिसच्या आधी नावेत. रजेच्या दिवशी दुपारी बारापर्यंत. सोबत नावाडी जितेंद्र, जो आज तिकडे दाराशी उभा आहे आणि आत ये म्हटलं तरी येत नाही. हातात वारा मोजायचं यंत्र, मांडीवर वही. अठराव्या दिवशी त्यांनी मला पान दिलं. त्यावर लिहिलं होतं ते असं.

नऊ वाजेपर्यंत पाणी शांत. नऊनंतर वारा आडवा सुटतो. किनाऱ्यालगतच्या पहिल्या दोन लेनला टेकडीचा आडोसा मिळतो, पाचव्या-सहाव्या लेनला मिळत नाही. दोन हजार मीटरच्या शर्यतीत चार-पाच सेकंदांचा फरक. जिथे निवड अर्ध्या सेकंदावर होते, तिथे पाच सेकंद म्हणजे काय, हे समोर बसलेल्या मुलींना विचारा. आणि महासंघाला शर्यती नऊ ते बारा याच वेळात हव्या होत्या.

आता मी काय केलं ते ऐका. मी घरी बसून ते पान पुन्हा टाइप केलं. फक्त नऊच्या आधीचे आकडे ठेवले. खोटा आकडा एकही नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. ते पान घेऊन ताईंच्या घरी कोटऱ्याला गेलो, सहीसाठी.

ताईंनी चष्मा लावून पान वाचलं. म्हणाल्या, "अरविंदराव, यात नऊनंतरचं काहीच नाही."

मी म्हणालो, "ताई, विचारलं तर सांगू की. आपण होऊन कशाला? आणि आपली पोर आहे हो. तुमच्या डोळ्यांसमोर वाढलेली."

त्या रागावल्या नाहीत. पान माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाल्या, "उद्या साडेनऊला तलावावर या."

दुसऱ्या दिवशी गेलो. जितेंद्रची नाव तयार होती. आधी पहिल्या लेनमधून नेलं. मी आरामात बसलो होतो. मग सहावीत. शंभर मीटरही गेलो नसू, पाणी मांडीवर यायला लागलं. विजार भिजली, बगलेतली फाइल भिजली. जितेंद्र म्हणाला, "साहब, इस टाइम इधर तो मैं सवारी भी नहीं लाता."

ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जुईला कुठली लेन मिळेल, मला माहीत नाही. पण इथे कुणीतरी मुलगी येणारच. ती चार वर्षं कुठेतरी पहाटे उठत असेल. तिच्या वडिलांना आपण काय सांगायचं?"

त्यांचं पटलं आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम.

खरं पान गेलं. तिघे जण पाहणीला आले, तलाव बघून खूश झाले, पोहे-जिलबी खाल्ली, आणि वाऱ्याच्या पानावर येऊन थांबले. आपण तीन गुणांनी हरलो. चाचणी हैदराबादला गेली.

त्यानंतर याच सभागृहात लोक काय बोलत होते, आठवतं का? "आपल्याच बाईनं घात केला." "दोन ओळी कमी लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?" ताई कोपऱ्यात बसून ऐकत. मीही तिथेच असे. मला ठाऊक होतं की त्या दोन ओळी गाळलेलं पान मीच त्यांच्याकडे नेलं होतं. ताईंनी एका शब्दानं ते कुणाला सांगितलं नाही. आणि मी त्यांची बाजू घेतली नाही. जवळजवळ वर्षभर मी त्यांच्याशी बोललोही नाही. दिवाळीला त्यांच्या घरून चिवडा आला, तो मी खाल्ला, आणि तरीही बोललो नाही.

जुई मात्र त्यांच्याकडे जात राहिली. मी एकदा चिडून विचारलं, "कशाला जातेस तिथे?" ती म्हणाली, "बाबा, त्या मला पाणी वाचायला शिकवतात. तुम्हाला येतं का?"

हैदराबादला अंतिम शर्यतीच्या दिवशी मी एकटाच बसलो होतो. चार रांगा खाली बघतो तर ताई. स्वतःची रजा काढून आल्या होत्या, मला न सांगता. सांगणार तरी कशा? जुईला पाचवी लेन मिळाली. दीड हजार मीटरपर्यंत ती चौथी होती. शेवटच्या पाचशेत तिनं एकीला मागे टाकलं, दुसरीला गाठत आणलं, आणि रेषा आली. तिसरी. सव्वा सेकंदानं निवड हुकली.

थोड्या वेळानं ताईच वर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. मला वाटलं, आता समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "शेवटच्या पाचशेत इतकं चांगलं वल्हवताना मी तिला कधी बघितलं नव्हतं."

मी म्हणालो, "चहा घेणार?"

वर्षभरानंतरचं आमचं पहिलं बोलणं ते. चहा फार गोड होता. आम्ही दोघांनी तो पूर्ण प्यायला.

ओले केस पुसत जुई आली. रडलेली दिसत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मी हरले. पण पाण्यानं मला हरवलं नाही. मी कमी पडले, मी." त्या क्षणी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. काय होतं, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ताई स्वस्थ बसल्या नाहीत. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी तलावाचा दुसरा भाग मोजून काढला, तिथे शर्यतीचा मार्ग आखला, आणि महासंघाला तीन पानी पत्र लिहिलं की शर्यती साडेसहाला सुरू करून पावणेनऊला संपवा, मग सहाही लेन सारख्या. पॅरिसच्या वेळी तेच तिघे पुन्हा आले. त्यांच्यातले एक मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाऱ्याचं पान त्याच बाईंचं आहे ना? मग पुन्हा मोजायची गरज नाही." चाचणी भोपाळला झाली. तुम्ही सगळ्यांनी किनाऱ्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. जुई त्या वेळी नावेत नव्हती. ती स्पर्धेतून बाहेर पडली होती आणि पंचांच्या मोटरबोटीत उभी होती.

म्हणून आज, ताई, सर्वांसमोर सांगतो. ज्या पानासाठी या सभागृहानं तुम्हाला बोल लावला, ते पान बदलून तुमच्याकडे सहीसाठी मी आलो होतो. तुम्ही मला वाचवलंत, आणि नंतर सहा वर्षं झाकूनही ठेवलंत. मान हलवू नका, ताई. आज मला बोलू द्या.

शिल्पाताई उभ्या राहिल्या, म्हणजे वेळ संपली. एवढं सांगतो आणि बसतो. जुई आज इथे नाही, याबद्दल ती स्वतः दिलगीर आहे. लॉस एंजेलिसच्या चाचण्यांसाठी शहरं बघायला महासंघानं यंदा जी तीन माणसं नेमली, त्यांत खेळाडूंच्या बाजूनं ती आहे. दुपारी तिचा फोन आला. ज्या शहरात ती गेली होती तिथे परवा हारतुरे झाले, जेवणावळ झाली. काल तिनं तिथल्या तलावात उथळ जागा दाखवली आणि तसं लिहून दिलं. म्हणाली, "बाबा, आज मला स्टेशनवर सोडायला कुणीच आलं नाही. रिक्षा करून आले. ताईंना सांगाल?"

सांगितलं, ताई.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, हे घडवून आणणाऱ्या मंडळाचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा नामोल्लेख राहिला असेल, कुणाला काही लागलं असेल, तर पोटात घाला. नमस्कार.