चार भोकांचं सील

हॅलो?

…हो बाबा, मीच. फोन हनुवटीखाली दाबलाय, म्हणून आवाज असा येतोय. हातात पाना आहे आणि हात कोपरापर्यंत काळे आहेत.

…गुडघा कसा आहे? …डॉक्टरनं वाकवायला सांगितलाय ना? मग वाकवा की. ताईकडे आराम करायला गेलात, गंजायला नाही.

…आलाय. तुमचा भंगारवाला कधीच आलाय. चारला बोलावलंत, साडेबाराला हजर. …नाही, घाई नाही म्हणतो. स्टेपनीवर बसलाय. एक सायकल आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक, एवढाच संसार. आपल्या फाटकाला लावून बघितलं, माझ्या पान्यांच्या पेटीला लावून बघितलं, शेजारच्या काकूंच्या टाकीलाही लावलं. ती प्लॅस्टिकची निघाली तेव्हा चेहरा पडला बिचाऱ्याचा.

…अहो ऐका ना. अट माझ्या लक्षात आहे. भरलेली गाडी, पाण्याच्या टाकीचा चढ, तिसरा गिअर. वरपर्यंत दुसरा टाकायचा नाही. चढली तर गाडी आपली, अडली तर त्याची. शब्द तुमचा आहे, मी फक्त पाठ केलाय.

…तुम्ही स्टिअरिंगवरून उतरलात म्हणून गाडीनंही भंगारात उतरायचं, असं कुठं लिहिलंय? …हो, मीच चालवणार. सांगितलं ना.

…ट्रकमध्ये खडी भरलीय. काठोकाठ. …इंजिन कालच सुरू केलं. …तेलाचा दाब बरोबर आहे. …टॅपेटची फट इंजिन गरम झाल्यावर पुन्हा बघितली. गेजनं, अंदाजानं नाही. …पिस्टन ना? आईच्या मोठ्या पातेल्यात उकळले, मग पिना अलगद बसल्या. …आईला माहितेय हो. तिनंच गॅस मंद केला आणि विचारलं, शिजले कसे ओळखायचे.

…हो, टर्बो बसवला. तीच ती, तुमची गोगलगाय. धुराच्या जोरावर फिरते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते. …फुकट काही मिळत नाही, कबूल. पण धूर तुम्ही इतकी वर्षं फुकटच सोडत होतात ना?

…आता फक्त डिझेल वाढवायचं राहिलंय. पंपाचा स्क्रू, तो शिशाच्या सीलखालचा. …माहितेय. "कंपनीच्या सीलला हात लावायचा नाही." बोलायला शिकले त्याआधीपासून ऐकतेय. …नाही, तोडलं नाही. तोडायला गेले होते.

बाबा, एक विचारू? कंपनीच्या सीलवर नंबर असतो ना? …मग आपल्या सीलवर चार भोकांचा ठसा का आहे? …चार. चौकोनात. …नाही, शिसं झुरळं खात नाहीत. …तुमच्या जुन्या शर्टाचं बटण लावून बघितलं. तंतोतंत बसलं.

…गुडघ्याचं नंतर. विषय बदलू नका.

…हं. आणि सीलची तार आईच्या आरशामागची आहे. तीच, पितळी, पीळ घातलेली. तो आरसा पडला तेव्हा खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं, आठवतंय? …ताई ऐकतेय? फोन स्पीकरवर आहे? मग आधी सांगायचं ना.

…ताई, अगं ऐक ना. …हो, हो… तोच आरसा. …आठ दिवस खेळायला बंदी, माहितेय मला. मी चार वर्षांची होते, तरी तुझ्याविरुद्ध साक्ष दिली होती. …बावीस वर्षं थांबलीस ना, मग संध्याकाळपर्यंत थांब. …उशी ठेव खाली. गुडघा आहे त्यांचा. फोन दे त्यांना.

…बाबा, का केलंत? …कोण सायकलवाला? …टाकीच्याच चढावर? …मागची साखळी धरून लटकला, बरं. मग? …कंटाळला. …साखळी सोडली. …आणि पुढं निघून गेला? पायडल मारत? …वर वळून हात केला? …नाही, हसत नाहीय मी. …आई शेजारी बसली होती? …मग बरोबर केलंत. मीही सील तोडलं असतं.

…पण स्क्रू किती आत नेलात? …शेवटपर्यंत. म्हणजे वाढवायला काही उरलंच नाही.

…नाही, भंगारवाल्याला फोन देणार नाही. …काही संपलेलं नाही. ऐका. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. बावीस वर्षं तुम्ही तिला घासावर घास भरवलेत, पण श्वास घेऊ दिला नाहीत. आता श्वासाची सोय मी केलीय. स्क्रू आहे तिथंच राहू दे. …खात्री? नाही. चढच काय ते सांगेल. …उद्या नाही, आत्ता. तो माणूस बंपरला चुंबक लावतोय.

…थांबा, फोन समोर ठेवते. …ऐकू येतंय? …ती शिट्टी टर्बोची आहे, पट्ट्याची नाही.

…निघाले. …दुसरा. …तिसरा. …चढ लागला. आता जरा गप्प बसा. …बाबा, गप्प बसा म्हटलं, श्वास रोखा नाही म्हटलं.

…वळण आलं. …हो, इथंच दम सोडायची. …उतरला आवाज, मलाही कळला. …नाही, दुसरा नाही टाकणार. …नाही म्हणजे नाही. …पाय खालीच आहे. …थांबा.

…इंजिननं जोर धरला. …शिट्टी वाढली, ऐकलीत? …चढतेय. …धूर? आरशात बघते. …फिकट आहे. मागचं सगळं दिसतंय.

…बाबा, मागच्या साखळीला कुणीतरी लटकलंय. …सायकल. …आपलाच भंगारवाला. …मला काय माहीत. चढ दिसला, धरली असेल.

…टाकी आली. …पोचले. …हो, तिसराच.

…काय? …बघते. …नाही बाबा. सोडली नाही त्यानं. …टोपी उडाली, पण साखळी धरूनच आहे. …नाही, कुठला हात करतोय, एकही मोकळा नाही त्याचा.

…करते. तुमच्याकडून मीच करते त्याला हात. ठेवा आता फोन.