सतरा हजार दोनशे शहाण्णवची रोटी

मोरोक्कोतल्या फेज शहरात, गल्लीतल्या सामायिक भट्टीवर सकाळची रांग लागली होती. घरी मळलेल्या रोटीची परात घेऊन तामू उभी होती; गल्लीत तिला सगळे मानानं 'लल्ला' म्हणत. तिच्या पुढे गणिताचे निवृत्त स्कल्ली मास्तर होते. भट्टीवाला बूअज्जा त्यांची कच्ची रोटी निरखत होता.

"मास्तर, आज एकच? सतरा हजार दोनशे शहाण्णव कोरलेली आहे. अठरा हजार चारशे सोळावाली कुठाय?"

"ती बायकोची खूण होती रे."

"अल्ला तिच्यावर दया करो. पण एवढे लांबलचक आकडे कशाला? आपली रोटी ओळखायला लोक नुसतं बोट उमटवतात."

"जोडी आहे ती. माझ्या आकड्याला ज्या ज्या आकड्यांनी पूर्ण भाग जातो, ते सगळे मिळव. फक्त तो स्वतः सोड. बेरीज येते ती तिचा आकडा. तिच्या आकड्याचं तसंच कर, माझा येतो."

"मग आता दुसरा एखादा आकडा बघा की! ढिगानं पडलेत. आता या लल्ला तामूच बघा, त्याही एकट्याच आहेत."

तामूनं परातीवरचं फडकं उगाच सारखं केलं.

"नाही जमत, बूअज्जा. कितीही मोठे आकडे धुंडाळ. माझी बेरीज तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाची होतच नाही."

"बरं बाबा, राहिलं. सरका जरा. आणा लल्ला. हे काय, तुमच्या रोटीवर खूणच नाही?"

"कशाला हवी? सगळे आपापली घेऊन गेले की जी उरते, ती माझी."