नलूचा दुसरा फोटो

(सन १९६१. भादव्यातली दुपार. आर्णीच्या बाजारओळीतलं वामनरावांचं फोटोचं दुकान. नागोराव अन् त्यांची बायको कांताबाई चार कोस चालून आलेत.)

नागोराव — आज आमी उठत नाही इथून, वामनराव. तीन डाव आलतो, तिन्ही डाव दाराले कुलूप. बाजूचा पानवाला म्हणे, आत्ताच होते, आत्ताच गेले.

वामनराव — बसा जी. बाई, तुम्हीही बसा, पाणी देतो. मी येणारच होतो तुमच्याकडे. ऊन पडलं आता. या इतवारी कॅमेरा घेऊन येतो, नलूचा आणखी एक फोटो काढून देतो. त्याचे पैसे नाही घेणार.

नागोराव — कोणाचा?

वामनराव — नलूचा. सातवी पास झाली म्हणून जेठात काढला ना आपण, तसाच. लिंबाखाली बसवू तिले.

नागोराव — नलू गेली, वामनराव.

वामनराव — कुठी गेली?

नागोराव — कुठी गेली म्हणून काय इचारता? गेली. पाच दिवसाचा ताप. बंडीत टाकून दवाखान्यात आणत होतो, त वाटेतच. महिना होईन आता.

वामनराव — अरे देवा. मले कोणी सांगतलंच नाही.

नागोराव — कुलपाले सांगावं का मंग?

कांताबाई — भाऊ, मी एका कामासाठी आली. डोळे मिटले का मले तिचं तापातलंच तोंड दिसते. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. पंधरा वर्सं पाह्यलेलं तोंड, पण थे येतच नाही समोर. लय कोशिश करते. रातभर बसते तशीच. नलूच्या बापाले म्हटलं, वामनरावापाशी आहे आपल्या पोरीचं चांगलं तोंड. चला, घेऊन येऊ.

नागोराव — दोन काढलते तुम्ही. मले याद आहे. दुसऱ्याच्या टायमाले कॅमेऱ्याच्या तिपाईले दगड लटकवला होता.

वामनराव — हो. हवा सुटली होती त्या दिवशी. हा कॅमेरा पातळ फळ्यांचा, घडी केली का झोळीत मावते. जुना होता थो बंडीशिवाय हलत नव्हता, थो घेऊन मी तुमच्या गावापर्यंत कधीच आलो नसतो. हा सायकलीवर नेता येते. पण हलका आहे ना, झुळूक आली का थरथरते. म्हणून दगड बांधला.

कांताबाई — तिनं तुमच्या काळ्या कपड्यात डोस्कं घालून पाह्यलं होतं. मागच्या काचेवर बाप उलटा दिसला तिले, डोस्क्यावर उभा. हसू आवरेना तिचं. मंग तुमी बसवलं तरी बापाकडे पाहे अन् पुन्हा हसे.

वामनराव — हे घ्या. हा पहिला.

नागोराव — लुगड्याचा काठ दिसते. हातातलं पुस्तक दिसते. कांता, पोरीनं नेसलेलं तुह्यं थे पांढरं लुगडं पाह्य, छप्पन साली दीक्षेले नेसून गेलती थे. घडी न् घडी आली आहे.

कांताबाई — अन् नलू?

नागोराव — नलू कुठी आहे याच्यात, वामनराव? तोंडाच्या जागी हे काय आहे, धुक्यावानी?

वामनराव — दोन मोजेपर्यंत भिंग उघडं ठेवा लागते. तेवढ्यात थे हसली अन् इकडून कॅमेराही हलला. तोंड पुसल्या गेलं.

नागोराव — मंग दुसरा द्या.

वामनराव — दुसरा नाही.

नागोराव — नाही कसा? म्या सोता पाह्यला काढताना. दगड होता, हवा थांबली होती, पोरगी शिस्तीत बसली होती. तुम्हीच म्हटलं, आता झकास आला.

वामनराव — खराब झाला जी. माह्या हातून. माह्या अंधाऱ्या खोलीच्या दाराले फट होती, उजेड गेला. धुवून पाह्यली त फिल्म पुरी काळी.

नागोराव — त पुन्हा धुवा ना.

वामनराव — काळ्या झालेल्या फिल्मवर काही राहत नाही, नागोराव. कितीही धुतली तरी नाही.

नागोराव — हे मले आज सांगून राह्यले? जेठात सांगतलं असतं त पोरगी जित्ती होती. दुसऱ्याच दिवशी आणून उभी केली असती तुमच्यापुढं.

वामनराव — लाज वाटली. म्हटलं नागपूरहून फिल्म आली का गुपचूप जातो, नवा काढतो, कोणाले काही सांगाचं कामच नाही. फिल्म आली आषाढात. तवा पाऊस सुरू झालता. मंग म्हटलं उघाड पडू द्या.

नागोराव — तुमच्या उघाडीसाठी थांबली नाही थे. आमच्या वस्तीत याले कोणी फोटोवाला राजी नव्हता. तुम्ही आले. आमच्या ओट्यावर बसून जेवले. मी साऱ्या वस्तीत सांगत फिरलो का वामनराव खरा माणूस आहे. अन् तुम्ही तीन महिने माह्यापासून तोंड लपवत फिरले.

वामनराव — बोला. काही गैर नाही बोलत तुम्ही.

कांताबाई — भाऊ, एक इचारू? उजेड खोलीतच लागते का? का आधीही लागते?

वामनराव — कायले ते आता, बाई? जाऊ द्या.

कांताबाई — सांगा ना. फिल्मची डबी जर घरी उघडली त?

नागोराव — कोण उघडते घरी?

कांताबाई — तुमी दोघं ओट्यावर जेवत होते. मी आत भाकरी थापत होती. वामनराव भाऊची झोळी तिथंच, कोठीले टेकून ठेवली होती. नलू मले चपटी डबी दाखवे. म्हणे, माय, मी आता याच्यात आहो, एका बाजूनं एक अन् दुसऱ्या बाजूनं एक. अन् घागर घेऊन पाण्याले गेली. मले राहवलं नाही. म्हटलं, पाहू तरी कशी बसली आत. म्या डबीवरची सरकती पट्टी ओढली.

नागोराव — कांता.

कांताबाई — एकाच बाजूची ओढली. दुसरीले हात घातला तवा तुमी भाकर मागतली. वामनराव भाऊ, खोटं बोलू नका. दाराले फट नव्हती ना?

वामनराव — नव्हती.

कांताबाई — तुमाले माहीत होतं, म्या उघडली म्हणून?

वामनराव — पट्टीवर ज्वारीचं पीठ होतं, बाई.

कांताबाई — मंग काहून नाही सांगतलं?

वामनराव — काय सांगू? त्याच हातची भाकर खाल्लती मी. अन् चूक माहीच आहे. झोळीतल्या डबीले हात लावू नका, एवढंच बोलाचं होतं. मले भूक लागलती, मी जेवाले बसलो.

कांताबाई — मले काय मालूम, पाह्यलं त मरते म्हणून. मी त नुसतं पाहाले गेली. नलूचे बाप, तुमी काही बोला. शिव्या द्या पाहिजे त.

वामनराव — नागोराव, त्यायले काही म्हणू नका.

नागोराव — मी काही म्हणून नाही राह्यलो. मले एकच सांग, कांता. तुले दिसली का थे?

कांताबाई — नाही जी. सारं कोरं होतं, सायीवानी. म्हटलं, अजून यायची असन. म्हणून पट्टी लावून देली.