रंगाच्या पाण्याचे काकडे सर

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सूतरंगाई सहकारी संस्थेचे चेअरमन माननीय बंकटराव साहेब, गेवराईहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, सन्माननीय संचालक मंडळ, केंद्राचे आजी-माजी विद्यार्थी, वाडीवरून आलेल्या माय-माउल्या, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आमचे निदेशक मुंजाजी काकडे सर, सर्वांना माझा आदाब आणि नमस्कार.

मी सुरैया शेख. संस्थेच्या याच प्रशिक्षण केंद्रात शिकले, आज संस्थेच्याच रंगशाळेत सांडपाण्याच्या टाकीवर ऑपरेटर आहे.

आत्ताच मानपत्राचं वाचन झालं. भाषा फार सुरेख आहे. त्यात म्हटलंय, ‘संस्थेच्या प्रेरणेने सरांनी सांडपाणी शुद्धीकरणाचे कार्य सिद्धीस नेले.’ संस्थेच्या प्रेरणेने? साहेब, मी तिथेच होते. तुम्हीही होतात.

दोन हजार सोळाचा उन्हाळा. वाडीला आठ दिवसांतून एक टँकर, रंगशाळेला रोज सहा. सूत रंगवून झालं की लाल-निळं पाणी मागच्या ओढ्यात सोडलं जायचं. एरवी ते पुरात वाहून जायचं आणि कुणाच्या लक्षात यायचं नाही. त्या वर्षी ओढ्यात दुसरं पाणीच नव्हतं. ते मुरलं आणि सुंदरबाईंच्या विहिरीत उतरलं.

सुंदरबाई भरली घागर घेऊन थेट आमच्या वर्गात आल्या. आज त्या समोर बसल्यात, चुकलं तर सांगतीलच.

“मास्तर, म्हशीनं तोंड न्हाई लावलं ह्याला. आन् तुमी ह्या लेकरायला काय शिकवता?”

सरांनी चालू तास थांबवला. ते पाणी सहा काचपात्रांत ओतलं, प्रत्येकात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि चुना कमी-जास्त टाकून आम्हाला ढवळायला लावलं. पाऊण तासानं चौथ्या पात्रात रंगाचा गाळ तळाशी बसला, वर पाणी जवळजवळ नितळ. सुंदरबाईंनी ओंजळ पुढे केली, तर सरांनी पात्रच मागे घेतलं.

“मावशी, रंग गेला, खार न्हाई गेला. प्यायचं न्हाई हे. पण सूत धुवायला चालतंय. ओढ्यात सोडायची गरजच न्हाई.”

आता गंमत ऐका. यासाठी रंगशाळेत टाकी होतीच! बांधून तयार, आणि तिच्यात बारदान भरून ठेवलेलं. तपासणीला कुणी येणार असलं की बारदान बाहेर, मोटार चालू. तपासणीवाले गेले की पुन्हा बारदान आत.

मी तेव्हा केंद्रात शिकता शिकता रंगशाळेत शिकाऊ कामगार होते. टाकीतल्या पाण्याची रोजची नोंद ठेवणं माझं काम. सुपरवायझर म्हणाले, “कालचेच आकडे जरा इकडंतिकडं कर आन् सही ठोक.” मी केली. नऊ दिवस केली. हे मला या माईकवर सांगायचंच होतं.

दहाव्या दिवशी सर वही बघायला आले. रागावले नाहीत.

“सुरैया, हे तू मोजलं?”

“न्हाई सर.”

“मग सही कुणाची हाय?”

मी स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. सर एवढंच म्हणाले, “न मोजता लिहायला शिकवायचं असंल तर माझी गरज न्हाई इथं.” त्या दिवशी मी लिहिलं, ‘टाकी कोरडी. मोजायला पाणी नाही.’ आणि खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं. बंकटराव साहेब तेव्हा सचिव होते. मला म्हणाले, “पोरी, तुझी माय हितंच सूत वाळू घालते. तिचा तरी इचार कर.” माझी अम्मी, हजराबी, दारातच उभी होती. ती म्हणाली, “साहेब, खोटं लिहायला शिकावी म्हणून मी लेकीला केंद्रात न्हाई घातलं.” दुसऱ्या दिवसापासून तिचंही काम गेलं.

मग सर, सुंदरबाई आणि वाडीवरच्या चाळीस बाया रंगीत पाण्याच्या घागरी घेऊन रंगशाळेच्या फाटकात बसल्या. दोन दिवस एक टँकर आत गेला नाही. तिसऱ्या दिवशी बारदान बाहेर आलं. टाकी आम्ही विद्यार्थ्यांनी खरवडली, मोटार सरांनी दुरुस्त केली. पंधरवड्यात तेच पाणी सूत धुवायला फिरू लागलं आणि रोजचे सहा टँकर चारवर आले.

आणि सरांना काय मिळालं? कारणे दाखवा नोटीस. नंतर परळीच्या गोदामात बदली. शिकवणाऱ्या माणसाला दोन वर्षं सुताचे गठ्ठे सांभाळायला बसवलं! माझं प्रमाणपत्र दीड वर्ष अडवलं, ते हाती आल्यावरच मला टाकीवर नोकरी मिळाली. सुंदरबाईंची विहीर आजही पिण्याजोगी नाही. याला प्रेरणा म्हणायचं असेल, तर शब्दकोश बदलावा लागेल.

सर, तुमच्या पत्नी केसरबाई काकूंनी ती दोन वर्षं घर एकटीनं ओढलं. त्यांचं नाव मानपत्रात नाही, म्हणून मी इथे घेते.

एक शेवटचं. सरांच्या जागी कुणाचीच नेमणूक झालेली नाही, असं मला ऑफिसातून कळलं. सोमवारी वीस मुलं-मुली वर्गात येऊन बसतील. त्यांना गाळ कसा बसवायचा हे कोण सांगणार? हे मानपत्र?

मी माझी आठवड्याची सुट्टी रविवारऐवजी सोमवारी मागून घेतली आहे. नेमणूक होईपर्यंत दर सोमवारी मी शिकवायला येईन. साहेब, नऊ वाजता वर्गाचं कुलूप तेवढं उघडं असू द्या.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. माझं मराठी कुठे अडखळलं असेल, मानापानात कमीजास्त झालं असेल, तर लेक समजून पोटात घाला. जे सांगितलं, त्याबद्दल मात्र मी माफी मागत नाही.